दुसऱ्या डिस्कवर आहे

आमच्या दुकानात डोळे बनतात. चष्मे नव्हेत, डोळे. ज्यांचा एक डोळा अपघातात किंवा आजारात गेला, त्यांच्यासाठी ॲक्रिलिकचा, हाताने रंगवलेला, शेजारच्या खऱ्या डोळ्याचा जोडीदार शोभेल असा डोळा. रंगवतात बाबा. साचे घेणं आणि पॉलिश माझ्याकडे. पांढऱ्या भागावर शिरा दिसाव्यात म्हणून लाल रेशमाचे तंतू सोडवून एकेक चिकटवायचे असतात, तेही माझंच काम. लोकांना हे ऐकून आधी कसंसंच होतं, आणि मग ते हटकून विचारतात, "रात्री काढून ठेवतात का?" नाही ठेवत. याचं उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलं आहे.

पण मला सांगायचंय ते आत्याबद्दल. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. त्या काळी बोर्डावर दिवा लागला की पलीकडच्याने फोन उचलला असं धरून चालायचं. आत्या धरून चालायची नाही. लाइनवर कान देऊन प्रत्यक्ष "हॅलो" ऐकल्याशिवाय ती जोडणीवरचा हात काढायची नाही. वरिष्ठ म्हणायचे, बाई, तुम्ही चोरून ऐकता. ती म्हणायची, "ऐकत नाही, खात्री करते. दिवा लागला म्हणजे माणूस बोलला असं नाही." हे वाक्य पुढे आमच्या घराच्या डोक्यावर बसलं. कपडे वाळले म्हणून सांगितलं, तरी आत्या दोरीपाशी जाऊन खिशांना हात लावून बघणार. गॅस बंद केलाय म्हटलं तरी बघणार. आणि हे अविश्वासाने नाही. तिला मनापासून जाणून घ्यायचं असतं की बाहेरून जे दिसतं ते आतून तसंच आहे का.

त्यापायी तिने घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडली आहे. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, माझं बोलकं बाहुलं. बहुतेक वस्तू पुन्हा चालू व्हायच्या, फक्त एखादा स्क्रू उरायचा. तो ती "कंपनीने उगाच जास्त लावला होता" म्हणून एका डबीत टाकायची. ती डबी अजून आहे आणि चांगली जड आहे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "एवढ्या चौकशा करणारी बायको परवडली असती का कुणाला?"

निवृत्त झाल्यावर ती दुकानात आमच्या मागच्या टेबलाशी बसायला लागली. फोन आणि कॉम्प्युटर तिच्याकडे. कॉम्प्युटर महत्त्वाचा होता, कारण त्यात फोटो होते. प्रत्येक पेशंटच्या चांगल्या डोळ्याचे, खिडकीच्या उजेडात, शेजारी रंगांची पट्टी धरून काढलेले मोठाले फोटो. तयार झालेल्या डोळ्याचेही फोटो. हा कृत्रिम डोळा काही वर्षांनी बदलावा लागतो, तेव्हा हे फोटो बाबांच्या हाताशी लागतात.

कॉम्प्युटर विकणारा पोरगेला गृहस्थ आमच्या ओळखीचा. काहीही बिघडलं की तो फोनवर आधी "रीस्टार्ट करून बघा" म्हणतो, म्हणून आम्ही त्याला रीस्टार्टभाऊच म्हणतो. तोंडावरसुद्धा. मशीन दिलं तेव्हा त्याने बाबांना समजावलं होतं, "काका, यात दोन डिस्क आहेत. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, दोघींची जोडी लावून ठेवतो. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. आरसाच समजा. एक मेली तरी दुसरी आहे." बाबांना ते फार आवडलं. जोडी हा त्यांचा विषयच.

मशीन म्हातारं झालं, विंडोज रांगायला लागलं. सकाळी चालू करून चहा पिऊन, कप विसळून यावं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. आत्याने तोवर एका टाकून दिलेल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून पाहिलं होतं. विंडोजऐवजी मशीन चालवणारी ही दुसरी व्यवस्था. आत काय चाललंय ते ज्याला हवं त्याला उघडून बघता येतं, एवढं ऐकूनच आत्या हरखली होती. इंटरनेटवरच्या मंडळांत ती प्रश्न विचारायची आणि अनोळखी लोक तिला "सर" म्हणून उत्तरं द्यायचे. तिने त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही.

"पिंट्या, दुकानातल्या मशीनवर बसवते," असं ती बाबांना महिनोन् महिने म्हणत होती. बाबांचे केस पिकले, तरी तिच्या लेखी ते पिंट्याच.

"ताई, चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस," बाबा म्हणायचे.

"चालता कुठला? ढकलगाडी आहे."

"पण चालतोय ना?"

एवढ्यावर विषय मिटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचा.

एक दिवस सकाळी घाऱ्या बाई आल्या. आम्ही त्यांना आपसात असंच म्हणतो, कारण त्यांच्यासारखे घारे डोळे आमच्याकडे दुसरे आले नाहीत. बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा डोळा बनवला होता. त्या दिवशी त्या आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून आल्या. की आई त्यांचा हात धरून आली, हे पायरी चढेपर्यंत मला कळेना. बाईंचा डावा, खरा डोळा पांढरा पडला होता. उजव्याच्या जागी काहीच नव्हतं, पापणी मिटलेली.

आमच्या दुकानात बोलताना फार जपावं लागतं. डोळे फिरले, डोळे पांढरे झाले, डोळ्यांवर विश्वास बसेना, असलं काही तोंडातून जाऊ नये. पण आपली भाषा डोळ्यांवाचून बोलू देत नाही. मी कशीबशी "या, बसा" म्हणाले.

बाईच हसल्या. "आंधळा मागतो एक डोळा म्हणतात ना? मी सरळ दोन मागायला आलेय."

आई बाबांकडे वळून म्हणाली, "ही बाई फार चांगली आहे हो. रोज मला हात धरून फिरवते. कोण कुठली, पण माया करते."

"माझी आई," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. आईची ओळख पुसत चालली होती. आधी नावं गेली, मग शेजारीपाजारी गेले, मग लेकीचा आवाजही परका झाला. तरी समोर जाऊन उभं राहिलं की आई डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "घारी आली माझी." डावा पांढरा पडत गेला तेव्हाही चाललं, कारण उजवा, बाबांनी बनवलेला, तसाच होता. आईला तेवढा पुरत होता. "मागे एकदा धुताना तो बेसिनमध्ये पडला. नळ चालू होता, मला दिसेना. चाचपत राहिले नुसती, तो वाहून गेला. त्या दिवसापासून मी 'ही बाई' झालेय."

बाबा उगाच ब्रश पुसत राहिले.

"मला दिसत नाही तो प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघणाऱ्या एका माणसाला दिसायला पाहिजे. जसे होते तस्से. तुमच्याकडे फोटो असतील ना?"

"असतील म्हणजे? आहेतच," बाबा म्हणाले. "पांढऱ्या डोळ्यावर पातळ कवचासारखा एक बसवू, दुसरा पूर्ण बनवू. काळजी सोडा." आणि त्यांनी आत्याला हाक मारली, "ताई, बाईंचे फोटो काढ गं. दुसऱ्या डिस्कवर आहेत."

आत्याने मान वर केली. "कुठल्या दुसऱ्या?"

"मशीनमधल्या. जागा संपली होती तेव्हा मी जुन्या पेशंटांचं फोल्डर पुसलं. पहिल्या डिस्कवरचं. दुसरीवर आहे ना आपोआप उमटलेलं!"

आरशासमोरून आपण उठून गेलो की आरशातला माणूस मागे बसून राहत नाही, हे मला कळत होतं. बाबा फोनवर रीस्टार्टभाऊला विचारत होते, दुसरी डिस्क उघडतात कशी. पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण बाबांचा चेहरा बघून कळत होतं. रीस्टार्टभाऊने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं असणार, की काका, जे लिहिलं ते जसं दोन्हीकडे उमटतं, तसं जे पुसलं तेही दोन्हीकडून पुसलं जातं.

बाबांनी फोन ठेवला. "वेळ लागेल थोडा," असं बाईंना सांगून त्यांनी साच्यांचं माप मला घ्यायला लावलं आणि स्वतः मागच्या खोलीत जाऊन बसले. मी बाबांना कामात चुकताना पाहिलं होतं, पण असं खचलेलं पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांत बाईंनी घरातले होते नव्हते ते फोटो पाठवले. सगळ्यांत त्या हसत होत्या, आणि हसल्या की त्यांचे डोळे मिटतात. एकात गॉगल होता. रंग कळेल असा एकही नव्हता. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही रंगवलाय तो डोळा. आठवत असेलच की."

"आठवतोय. हिरवट राखाडी, आणि खाली एका बाजूला तपकिरी फाक. घड्याळात पाच वाजतात ना, त्या जागी." मग ते थांबले. "पण आठवणीतून नाही रंगवणार. आठवणीतून रंगवलेला डोळा रंगवणाऱ्याचा असतो, घालणाऱ्याचा नाही. त्या माउलीला तो लेकीचा वाटला नाही तर?"



बाबा आत्याला म्हणाले, "बसव तुझं लिनक्स. आता त्यात जपण्यासारखं काही उरलं नाही." ज्या परवानगीसाठी आत्याने इतके महिने कटकट केली, ती अशी मिळाली. तिला आनंद झाला नाही. पण चौकस माणसाला काम दिलं की त्याचे हात आपोआप हलतात. तिने पेन ड्राइव्ह लावला. लिनक्स बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच तात्पुरतं चालवून बघता येतं, डिस्कला धक्का न लावता. पडदा लगेच उजळला. मग तिने "बसवायचं आहे" हे बटण दाबलं, तेव्हा त्याने विचारलं, कुठे बसवू? आणि खाली दोन डिस्क दाखवल्या. सारख्याच आकाराच्या, एकीखाली एक.

"पिंट्या, हे दोन म्हणतंय!"

"दोन आहेतच ना ताई," बाबा दारातून थकलेल्या आवाजात म्हणाले.

"मग विंडोज इतकी वर्षं एकच का दाखवत होतं? कोण खोटं बोलतंय?"

बाबा निघून गेले. आत्या मात्र खुर्चीत सरसावून बसली. तिचं ते बसणं आम्हाला ठाऊक आहे. आता ही जेवायला उठणार नाही. तिने मंडळातल्या लोकांना विचारलं, जुने प्रश्न चाळले, आणि दुपारी मला धरून सांगत बसली. मदरबोर्डने लावलेली ही जोडी म्हणे अर्धीमुर्धीच असते. बोर्ड प्रत्येक डिस्कच्या अगदी शेवटी एक खूण ठेवतो, 'आम्ही जोडी आहोत' अशी. बाकीचं काम विंडोजमधला त्याचा माणूस, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, करतो. तोच दोघींना एक करून दाखवतो. लिनक्स आपलं सरळ, जे आहे ते दाखवतं. खूण ओळखायला सांगितली तर ओळखतं, नाही सांगितली तर दोन म्हणजे दोन.

"म्हणजे ही जोडी नुसती कागदोपत्री," मी म्हटलं.

"तेच तर बघायचंय," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात जान आली होती, आणि मला थोडा रागच आला. बाबा तिकडे कोमेजून बसलेत आणि हिला कोडं मिळालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीस्टार्टभाऊ स्वतः आला. बाबांचं ऐकून त्याला वाईट वाटलं होतं. त्याने मशीन बंद करून चालू केलं, दुसरं काय करणार! सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर मदरबोर्डची इंग्रजी पाटी झळकली, तिच्यात एक शब्द लाल अक्षरांत. तो चमकला.

"काका, हे लाल कधीपासून येतंय?"

"येतं की रोज," बाबा म्हणाले. "मला वाटलं कंपनीचं नाव असेल."

रीस्टार्टभाऊने कपाळावर हात मारला. "अहो, जोडी मोडलीय असं सांगतोय तो! एक डिस्क बाहेर पडलीय. घाबरू नका, सोपं आहे. याला रिबिल्ड म्हणतात. चालू डिस्कवरचं सगळं दुसरीवर पुन्हा उमटवून घ्यायचं. जोडी लागली की त्या जोडीवर आत्यांचं लिनक्स कसं बसवायचं तेही मी दाखवतो." तो आतल्या एका पानावर गेला. पडद्यावर प्रश्न आला, हो की नाही.

"करून टाक बाबा दोन्ही सारख्या," असं म्हणत बाबांनी स्वतःच कीबोर्डकडे हात नेला. मोडलेली जोडी त्यांना बघवत नाही. बोट बटणावर टेकलंच होतं, तेवढ्यात आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"थांब. सारख्या करायच्या, पण कोणासारखं कोणाला?"

"चालू आहे तिच्यासारखं दुसरीला," रीस्टार्टभाऊ म्हणाला.

"आणि दुसरीत काय आहे?"

"काय असणार? तेच."

"तेच असतं तर तो मोडली कशाला म्हणाला असता? तू बघितलंस का आत?"

रीस्टार्टभाऊने बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही. बाबांनी बोट झटकन उचललं, गरम तव्यावरून उचलावं तसं. हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. नवा पेशंट आला की ते आम्हाला आधी हेच विचारतात, कुठल्या डोळ्याकडे बघून कुठला रंगवायचा.

आत्याने मशीन पुन्हा पेन ड्राइव्हवरून लिनक्समध्ये चालू केलं. रीस्टार्टभाऊ शेजारी उभा राहून सांगत होता, "आत्या, फक्त वाचण्यापुरती उघडा हं. लिहायची परवानगी देऊ नका," आणि ती "ठाऊक आहे रे" म्हणत असली तरी त्याचं ऐकत होती. पहिली डिस्क उघडली. परवापर्यंतचं सगळं त्यात होतं. जुन्या पेशंटांचं फोल्डर नव्हतं. दुसरीला जरा वेळ लागला. आतून किरकिर ऐकू आली. मग फोल्डरांची रांग लागली, आणि त्या रांगेत 'जुने पेशंट' होतं.

बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते. "आहे," ते पुटपुटले.

"नाव आहे," आत्या म्हणाली. "नाव दिसलं म्हणजे फोटो आहे असं नाही. उघडते."

तिने उघडलं, आणि पडदाभर बाईंचा डावा डोळा आला. पहाटेच्या तळ्यासारखा हिरवट राखाडी, कडेला काळसर कंगोरा, आणि खाली तपकिरी फाक. बुबुळाच्या चकाकीत आमच्या दुकानाची खिडकीही दिसत होती, जुना निळा पडदा असलेली. मी रडले. सांगायला लाज कसली? तो फोटो बघून मला रडूच आलं.

बाबा पडद्याला नाक लावून बघत होते. "सात," ते म्हणाले. "फाक सातच्या जागी आहे. मी पाचच्या जागी काढली असती."

पुढच्या फोटोत बाबांनी बनवलेला उजवा डोळा होता. त्यातली फाक थोडी फिकी, थोडी वर. कुणाचेही दोन डोळे सारखे नसतात, असं बाबा नेहमी सांगतात, आणि मुद्दाम तसं रंगवतात.

हे झालं कसं, हे कळल्याशिवाय आत्या कुठली उठायला? दुसऱ्या डिस्कवरचा शेवटचा फोटो कधीचा ते तिने पाहिलं. आमच्या दुकानाला रंग दिला त्या आठवड्यातला. तेव्हा टेबल ओढून मधे आणलं होतं. रीस्टार्टभाऊने मशीनचं झाकण काढलं, तर दुसरीची केबल अर्धवट बसलेली. त्या ओढाओढीत तिचा संपर्क क्षणभर सुटला, आणि बोर्डाने तिला गैरहजर मांडलं ते मांडलंच. त्यानंतर ती नुसती बसून राहिली. बाबांनी फोल्डर पुसलं ते त्यानंतर, म्हणून तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. दोन-चार महिने मागचं जग उराशी धरून ती बसली होती, आणि त्या एका बटणाने तेही गेलं असतं.

हे सगळं बाबांच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. उतरलं तसे ते ताठ झाले. "मी काय म्हणालो होतो? दुसऱ्या डिस्कवर आहे! म्हणालो होतो की नाही?"

"तू चुकून बरोबर होतास, पिंट्या."

"बरोबर ते बरोबर!"

"अरे, ती मोडली म्हणून वाचलं. धड असती तर तुझ्या फोटोंचा केव्हाच बोजवारा उडाला असता."

"म्हणजे मोडली ते चांगलंच झालं ना? मग?" बाबांपुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. गेल्या काही दिवसांत त्यांना पहिल्यांदाच असं वाद घालताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचीच बाजू घेतली. रीस्टार्टभाऊ मात्र स्टुलावर बसून पाणी पीत होता. "आत्या, हे मी आजवर किती जणांकडे 'हो' दाबून केलं असेल!" तो म्हणाला. आत्याने त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याची चूक काढावी असं काही नव्हतं. बहुतेक घरी दुसरीत खरंच तेच असतं.

लिनक्स बसवलं ते त्यानंतर. आधी आत्याने दोन्ही डिस्कांवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं, आणि त्या उतरवलेल्यातले फोटो उघडून उघडून बघितले. मग दुसरी डिस्क काढून बाबांच्या रंगांच्या कपाटात ठेवली. मदरबोर्डला सांगितलं की जोडी लावणं पुरे. तरी पहिल्या खेपेला लिनक्स बसलंच नाही. डिस्कच्या शेवटी ती जुनी खूण शिल्लक होती, आणि बसवणारा प्रोग्रॅम तिथे अडखळत होता. खूण पुसायला हवी हे आत्याला मंडळातल्या कुणीतरी सांगितलं. "सर, काळजीपूर्वक," असं त्याने शेवटी लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं, आणि बाबांचा चहा व्हायच्या आत पडदा उजळला. आता रोजच्या फोटोंची एक प्रत बाहेर जाते, आणि आत्या अधूनमधून त्यातला कुठलाही एक उघडून बघते. आरसा वेगळा आणि प्रत वेगळी, हे तिने बाबांना इतक्या वेळा सांगितलंय की ते आता गिऱ्हाइकांना सांगतात, स्वतःचं शहाणपण असल्यासारखं.

बाबांनी डोळे रंगवले ते खिडकीपाशी, पडद्यावरचा फोटो समोर ठेवून. फाक सातच्या जागी आली. शिरांचं रेशीम मी लावलं, माझ्या आयुष्यात इतकं जपून मी काही लावलं नसेल.

घाऱ्या बाई आल्या, आईचा हात धरून. आईला खिडकीशी बसवलं, तर तिने माझ्या लाल रेशमाच्या तंतूंत बोटं घातली आणि ती त्यात रमली. बाबांनी बाईंना दोन्ही डोळे बसवून दिले. बाईंनी पापण्या दोन-चारदा मिटल्या, उघडल्या.

"कसे दिसतात?" त्यांनी विचारलं, आणि लगेच म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू हो. तुम्ही चांगलेच म्हणणार. ऑपरेटर बाईंना सांगू द्या, त्या फोनवरही खात्री केल्याशिवाय बोलत नाहीत."

आत्या समोर येऊन बसली. फोटो, मग बाई. पुन्हा फोटो, पुन्हा बाई. "तुमचेच आहेत," ती शेवटी म्हणाली.

पण बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या अंदाजाने आईकडे वळल्या, चाचपडत पुढे झाल्या आणि तिच्या समोर गुडघ्यांवर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. त्यांना भीती वाटत असणार. मला तर वाटतच होती.

आईने रेशमातून मान वर केली. बघितलं. बघत राहिली. मग तिने रेशीम बाजूला सारलं आणि लेकीच्या गालावर हात ठेवला.

"घारे, होतीस कुठे इतके दिवस?" ती रागावूनच म्हणाली. "वाट बघून बघून जीव गेला माझा."

बाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत राहिल्या. आई त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. थोड्या वेळाने ती इकडेतिकडे बघायला लागली, कुणाला तरी शोधल्यासारखी.

"अगं, तू नव्हतीस ना, तर एक बाई यायची. रोज यायची बिचारी. मला न्हाऊ घालायची, फिरवायची. तिला दिसत नव्हतं गं नीट, तरी माझा हात सोडला नाही तिने कधी." मग आत्याकडे वळून म्हणाली, "इथेच होती आत्ता. तिला चहा दिल्याशिवाय सोडू नका."

ज्या आत्याने जन्मभर प्रत्येक गोष्टीची खात्री करून घेतली, तिने हे एका शब्दानेही दुरुस्त केलं नाही. "हो, देते ना," म्हणून ती आत गेली आणि चहा घेऊन आली. ट्रेमध्ये एक कप जास्त होता. तो तिने बाईंच्या कपाशेजारी ठेवला.

बाईंनी दोन्ही कप संपवले.